ऋणकोची धनकोविरुद्ध दाद

बेकायदा वसुली, अवाजवी आकारणी किंवा सदोष सेवेबद्दल ऋणकोने धनकोविरुद्ध केलेली कायदेशीर कारवाई. मराठी मुलखात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली जमीन गहाण टाकणाऱ्याला सावकारावर हिशेबाचा दावा लावता येऊ लागला (पहा : सावकारी). भिलाईचा (जि. दुर्ग, छत्तीसगढ) वारसा वेगळा, आणि विदर्भाला जवळचा : मध्य प्रांतांच्या काळातील १९३७ चा ऋणको संरक्षण कायदा तेथे अजून वापरात असून पोलिसांच्या बोलीत तो ‘कर्जा एक्ट’. ऋणकोच्या घराभोवती घुटमळणे, सतत पाठलाग करणे, मालमत्तेत ढवळाढवळ करणे यांसारखा छळ त्याच्या कलम ४ खाली शिक्षापात्र ठरतो. खाजगी सावकाराविरुद्ध हाच मार्ग मुख्य. बँका व वित्तसंस्थांची सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. भिलाईकरांची तक्रार दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तर अपील रायपूरच्या राज्य आयोगाकडे जाते (पहा : ग्राहक संरक्षण). आयोग भरपाई देववू शकतो. मात्र केवळ तक्रार केल्याने कर्ज माफ होत नाही, हप्तेही थांबत नाहीत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.