डॉक्टर संगणकाकडेच का बघतात?

तुमची मुले अमेरिकेत असतील, तर ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. ‘डॉक्टर माझ्याकडे कमी आणि संगणकाकडेच जास्त बघत होते.’ यामागे एक कायदा आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये, मंदीतून सावरण्यासाठीच्या पॅकेजमधूनच अमेरिकेने ‘हायटेक’ कायदा आणला. रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअरकडून पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत मिळणार होते. मात्र नुसता संगणक घेऊन भागत नसे, त्याचा ‘अर्थपूर्ण वापर’ दाखवावा लागे. औषधे, अ‍ॅलर्जी, रक्तदाब, सगळे ठरलेल्या रकान्यांत. १३ वर्षे व त्यावरील निम्म्याहून अधिक रुग्णांची धूम्रपानाची नोंदसुद्धा! २०१५ पासून मागे राहिलेल्यांचे मेडिकेअरचे पैसे कापले जाऊ लागले.

कागद बरेच कमी झाले. आम्हा डॉक्टरांचे अक्षर पाहता, औषध दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण एका हॉस्पिटलची फाइल दुसरीकडे सहज उघडेना. रकाने भरण्यावर जेवढा भर होता, तेवढा माहिती पुढे पाठवण्यावर नव्हता. अखेर २०१६ च्या कायद्याने माहिती अडवून ठेवण्यास मनाई केली.

तिथे उपचार घेत असाल, तर आपली नोंद जरूर मागा. अ‍ॅलर्जीची आणि औषधांची यादी स्वतः वाचा. चूक दिसली, तर त्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.