आगोट ते आगेरा : घर आवरण्याची कुळकथा

वैशाख सरत आला आणि वारा फिरला, की आमच्या वसई पट्टीतील जुन्या घरांत वडीलधाऱ्यांची नजर आढ्याकडे वळत असे. कोणते कौल सरकले, कोणत्या वाशाला वाळवी लागली, माळ्यावर उंदरांनी कोठे घर केले, याची चर्चा ओटीवर सुरू होई. ‘आगोट जवळ आली’ एवढे शब्द आजीने उच्चारले, की पुढील पंधरा दिवस घरातील कोणालाही उसंत मिळणार नाही, हे पोरासोरांनाही कळून चुके. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. परंतु कोकणपट्टीत या एका शब्दात पावसापूर्वीची सारी बेगमीही सामावलेली आहे. आज ऋतू बदलला की कपाटे रिकामी करावीत, घराला नवे रूप द्यावे, असे सांगणारी पुस्तके निघतात आणि सल्लागारही मिळतात. तेव्हा ही आवराआवर आपल्या घरांत कोठून आली आणि कशी बदलत गेली, याचा थोडा मागोवा वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक कोसळतो. अशा पावसाखाली नळीच्या देशी कौलांचे छप्पर टिकवायचे, तर ते दरवर्षी शाकारावे लागे. ही कौले नुसती एकावर एक रचलेली असत. मांजरे, माकडे आणि उन्हाळी वारा यांमुळे ती सरकत व फुटत. शाकारणीसाठी कौले उतरवायची, तर त्यांखालचा माळा आधी मोकळा करणे भाग होते. त्यामुळे वर्षभर वर चढविलेले सामान एके दिवशी सकाळी अंगणात येई. पत्र्याची ट्रंक, मोडका पाळणा, गळके हंडे, रिकाम्या टोपल्या, नाताळच्या गोठ्यातील लंगडी मेंढरे, सारे काही उन्हात मांडले जाई. घर आवरण्याची ही प्रथा हौसेतून आलेली नव्हती. ती छपराने घालून दिलेली होती.

अंगणात आलेल्या वस्तूंपैकी कोणत्या परत वर जायच्या, याचा निर्णयही पावसाळाच करी. चार महिने पुरेल एवढे तांदूळ, डाळ, मीठ, सुकट, सुके बोंबील, कोकम, सरपण आणि गोवऱ्या यांना कोरडी जागा हवी असे. आपल्या ईस्ट इंडियन बहिणी एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद आणि इतर अनेक जिन्नस वाळवून, भाजून, कांडून वर्षाचा मसाला करीत आणि काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरीत. त्यावरूनच त्याला ‘बाटली मसाला’ हे नाव पडले. उजेड आणि दमट हवा या दोहोंपासून मसाल्याचे रक्षण करणारी ती बाटली बहुधा बिअरची रिकामी बाटली असे. या बेगमीला जागा देताना निरुपयोगी वस्तूला आपोआप बाहेरची वाट दिसे. मात्र बाहेर म्हणजे उकिरड्यावर नव्हे. जीर्ण लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. फुटक्या हंड्यात तुळस किंवा झेंडू लागे, मोडक्या पाळण्याचे लाकूड चुलीत जाई आणि चुलीतील राख भांडी घासण्यास येई.

या वार्षिक धावपळीत पहिला मोठा फरक पडला तो मंगळुरी कौलांमुळे. बासेल मिशनच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. तेथील चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पुढे किनारपट्टीने दूरवर पसरली. ती सहजासहजी सरकत नसत. सारे छप्पर दरवर्षी उतरविण्याची गरज उरली नाही, फुटलेली कौले बदलली की भागू लागले. घरधन्याचा खर्च आणि श्रम वाचले. माळा मात्र आता दोन दोन, तीन तीन वर्षे कोणी न पाहता तसाच राहू लागला.

ऋतूबरोबर घर झाडण्याला धर्माचे अधिष्ठान आहे, ते याहून कितीतरी जुने. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सणाच्या वेळी घरातून सर्व खमीर काढून टाकण्याची आज्ञा आहे. हा सण वसंत ऋतूतला, पॅलेस्टाइनमध्ये सातूचे पीक तयार होण्याच्या सुमाराचा. जुन्या पिठाचे आंबवण नव्या हंगामात न्यायचे नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होई. धर्मनिष्ठ यहुदी घरांत आजही सणापूर्वीच्या रात्री दिव्याच्या उजेडात कोपरान् कोपरा शोधला जातो आणि सापडलेले खमीर सकाळी जाळले जाते. याचा एक दूरचा प्रतिध्वनी आपल्या कोकणातही ऐकू येतो. कुलाब्याच्या किनाऱ्यावर मराठी बोलत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजात वल्हांडणाच्या दिवसांत ‘अनशी ढाकाचा सण’ पाळला जाई. म्हणजे आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. मूळ विधीचे पुष्कळसे तपशील विस्मरणात गेले असतानाही भांड्यावर झाकण ठेवण्याची रीत त्या माउल्यांनी सोडली नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना हेच जुने खमीर माणसाच्या मनाला लावले, आणि ख्रिस्तसभेनेही प्रायश्चित्तकाळाची सुरुवात एका जुन्या वस्तूच्या त्यागाने केली. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली झावळी आपण घरी आणतो व क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षभराने ती सुकून पिवळी पडते. पुढील राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी लागणारी राख अशाच गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. घरातील पवित्र वस्तूदेखील जीर्ण झाली, की ती कोठेही फेकायची नाही, तिला योग्य निरोप द्यायचा, हा धडा त्यात आहे.

घर स्वच्छ करण्याच्या या इतिहासात एक काळे प्रकरणही आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप आल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्याने ओळखले. तो प्लेग होता. १८९१ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ लाख वस्तीच्या या शहरातून पुढील काही महिन्यांत लाखो लोक बाहेर पडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि घर झाडणे हे गृहिणीच्या हातून सरकारच्या हाती गेले. तपासणी पथके घरात शिरत. अंथरुणे-पांघरुणे जाळली जात, सामान रस्त्यावर काढले जाई, भिंतींवर चुना मारला जाई, जमिनीवर जंतुनाशके ओतली जात, आणि अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून कौले काढून छपरे उघडी केली जात. आगोटीला जे काम घरची माणसे स्वखुशीने करीत, तेच काम परक्या माणसांनी बळाने केले, तेव्हा त्याचा अर्थच पालटला. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा मान राहिला नाही, ही चीड पुण्यात किती तीव्र होती, याची साक्ष २२ जून १८९७ रोजी झालेल्या रँडवरील हल्ल्याने दिली. मुंबईच्या गावठाणांत व वाड्यांतून आजही उभे असलेले कितीतरी क्रूस त्या प्लेगच्या वर्षांत लोकांनी आसऱ्यासाठी उभारले आहेत. त्यांच्यापुढून जाताना ज्यांची अंथरुणे जळाली, त्या कुटुंबांचीही आठवण व्हावी.

एवढे करूनही रोग हटला नाही, याचे कारण पुढे उलगडले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते मत प्रयोगांनी पक्के केले. भिंतीला दिलेल्या चुन्याने उंदीर मरत नव्हता. उघड्या धान्याने तो घरात येत होता. म्हणजे आजी माळ्यावरील उंदरांची बिळे दरवर्षी बुजवी आणि कणगी शेणाने सारवून बंद करी, त्या साध्या कामात जे शहाणपण होते, ते जंतुनाशकाच्या पिंपांत नव्हते. अर्थात चुन्यालाही कमी लेखू नये. शिंपले भाजून केलेला हा चुना पाण्यात विरघळवला, की तीव्र क्षारयुक्त होतो. त्यामुळे पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी मरते, आणि हवेतील वायू शोषून तो पुन्हा दगडासारखा कठीण बनतो. म्हणूनच चुन्याचा हात पाऊस सरल्यावर, भिंती सुकल्यावर दिला जाई.

तो समय म्हणजे आगेऱ्याचा. ऑक्टोबरच्या आरंभी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात. आगेरा या नावाचे नाते शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी सांगितले जाते. नवे धान्य घरात येण्यापूर्वी कणगी पालथी करून तळाचे दाणे काढायचे, तिला उन्हे द्यायची, सारवून घ्यायचे, हा नियम होता. शेजारच्या हिंदू घरांत त्याच दिवसांत दिवाळीची झाडलोट चाले, आणि एकाच चुनेवाल्याकडून दोन्ही घरांचा चुना येई. पुढे नाताळपर्यंत घर तसेच उजळ राही. एका टोकाला आगोट आणि दुसऱ्या टोकाला आगेरा, असे आमच्या घरांचे वर्ष या दोन खुंट्यांवर टांगलेले होते.

आता कौलांच्या जागी स्लॅब आले आहेत. शाकारणी नाही, कणगी नाही, आणि शेतेही पुष्कळशी इमारतींखाली गेली आहेत. घर उघडण्यास भाग पाडणारे कोणी उरले नाही. सामान साचत राहते आणि एके दिवशी, घर पाडावयाच्या आदल्या आठवड्यात, सारेच्या सारे एकदम भंगारात जाते. दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी आम्ही आमचीच चूक सांगतो. आमचे कौलारू घर उतरविले, त्या मे महिन्यात घाईघाईने माळ्यावरची एक ट्रंक आम्ही वजनावर विकून टाकली. तिच्यात मोडी लिपीतील काही कागद होते, आणि लग्नाच्या गाण्यांची आजीची वही होती. ते आम्हांस ठाऊक होते. परंतु मोडी आम्हांस वाचता येत नव्हती आणि वही फाटलेली होती. दोन वर्षांनी घरात लग्न निघाले. उंबराचे पाणी आणण्याच्या वेळी म्हणावयाचे गाणे म्हाताऱ्या आत्याला अर्धेच आठवले. उरलेले अर्धे आम्ही वजनावर विकले होते.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की घर जरूर आवरा. साठवण करण्यात पुण्य नाही. परंतु आगोटीची जुनी रीत सोडू नका. सामान आधी उजेडात मांडावे, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी खुर्ची देऊन बसवावे, आणि प्रत्येक वस्तूविषयी त्यास विचारावे. कागद असतील, तर मोडी वाचणारा शोधावा. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. त्यानंतर जे द्यायचे ते द्यावे, जे टाकायचे ते टाकावे. लूकच्या शुभवर्तमानातील ती स्त्री आठवा. तिनेही दिवा लावून सारे घर झाडले होते. तिला घर चकचकीत करावयाचे नव्हते. हरवलेले एक नाणे तिला शोधावयाचे होते, आणि ते सापडले तेव्हा तिने शेजारणींना हाक मारली.

यंदाच्या आगोटीला आपल्याही माळ्यावर दिवा न्यावा.