हाताच्या जोराचं माप

घरी कुणाची कोलोनोस्कोपी झाली की आपण फोनवर हमखास विचारतो, ‘दुखलं का हो?’ डॉक्टरांनी नळी आत सरकवताना किती जोर लावला, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर कितीतरी वर्षं त्याचं उत्तर खुद्द डॉक्टरांकडेही नव्हतं.

आत बघण्याचा प्रश्न तसा भराभर सुटला. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येतं, हे दाखवलं. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी तेच तंत्र वापरून पोटात डोकावणारी लवचीक दुर्बीण बनवली. १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या कोलोनोस्कोपमधूनच पॉलिप कापून काढू लागले. पंधरा वर्षांत डोळ्यांची सोय झाली. हाताची नाही.

अडचण काय, तर मोठं आतडं म्हणजे सरळ पाइप नव्हे. पायजम्यात नाडी नुसती मागून ढकलून बघा. पुढचं टोक जागच्या जागी आणि मधली नाडी गोळा! आतड्याच्या ‘एस’ आकाराच्या भागात असंच होतं. नळीचं वेटोळं होतं, आतडं ताणलं जातं आणि त्याला धरून ठेवणारा पडदाही ताणला जातो. बहुतेक वेळा दुखतं ते यामुळे. इथे आणखी ढकललं तर वेटोळं मोठं होतं. कसलेला डॉक्टर उलट करतो: नळी थोडी मागे घेतो, पिळा देतो, वेटोळं सोडवतो.

ही समज हातात असायची, कागदावर नाही. म्हणून २००० साली लंडनच्या एका गटाने प्रसिद्ध केलेलं काम महत्त्वाचं ठरलं. त्यांनी नळीवर बसणाऱ्या, हातात धरायच्या उपकरणात संवेदक बसवले आणि खऱ्या तपासण्यांमध्ये ढकलणं, ओढणं आणि पिळणं मोजलं. पुढे अमेरिकेतही याच कामासाठी ‘कोलोनोस्कोपी फोर्स मॉनिटर’ तयार झाला. अर्थात, हाताचा जोर आणि आतड्याच्या भिंतीवरचा जोर एकच नसतो. वेटोळ्यातल्या घर्षणात बराचसा जोर मध्येच मुरतो. पण शिकाऊ डॉक्टरला ‘हलक्या हाताने कर’ एवढंच सांगण्यापेक्षा आकडा दाखवता येणं केव्हाही बरं.

आता यात आपला संबंध कुठे? अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षीच ही तपासणी सुरू करा, असा सल्ला आहे. बहुतेक पेशंटना तेव्हा झोपेचं औषध देतात. त्रास वाचतो, चांगलंच आहे. पण एकेकाळी त्या खोलीत जोर मोजणारं एकच यंत्र होतं: पेशंटचं ‘आई गं!’ ते आपण बंद केलं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी मोजमाप हवंच ना?