बीडचे पेपर: वाचक घटले, नोटीस मात्र तिथेच

बीड जिल्ह्यात 11 तालुके आहेत. मोठ्या शहरांच्या पेपरात पाटोदा, वडवणी, धारूरची बातमी क्वचितच येते. ही कसर झुंजार नेता, चंपावती पत्र अशा मराठी आणि तामीरसारख्या उर्दू दैनिकांनी भरून काढली. बीड 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होते. त्यामुळे आजोबा उर्दू पेपर वाचतात आणि नातू मराठी, अशी घरे आपल्याकडे आजही आहेत.

आता हे पेपर अडचणीत का आले?

अंकाची किंमत छपाईच्या खर्चापेक्षा कमी असते. उरलेला पैसा जाहिरातीतून येतो आणि जाहिरात मोबाईलकडे वळली आहे. कागद महागला. 2019 च्या बजेटमध्ये आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क लागले, 2020 मध्ये ते 5 टक्क्यांवर आले. त्याच वर्षी लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर वाटायला बंदी घातली. पुढे ती शिथिल झाली, पण तोवर अनेकांची सवय मोडली होती. त्यात पेपरची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट फिरते.

बाजारभाव, पाऊस, इंतकालची खबर आता ग्रुपवर लगेच कळते. मग पेपर कशाला, असे आपल्यातले बरेच जण म्हणतात.

पण जाहीर नोटीस ग्रुपवर येईलच असे नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 11 प्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातले एक प्रादेशिक भाषेतले हवे. हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना हीच मुदत फक्त 21 दिवसांची असते. कोर्टाचा समन्स प्रतिवादीला देता आला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कोर्ट तो पेपरात छापायला सांगू शकते, आणि तो पेपर त्या माणसाच्या शेवटच्या पत्त्याच्या भागात खपणारा दैनिकच लागतो. जमीन खरेदीच्या आधी वकील 'जाहीर प्रगटन' देतात, तेही पेपरातच.

म्हणजे नोटीस छापली की कायद्याच्या दृष्टीने ती आपल्याला कळली. आपण पेपर उघडला की नाही, हे सहसा कोणी विचारत नाही. कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला याचा फटका आधी बसतो. वारसांत बहिणीचे नाव राहून गेले असेल, तर तिलाही हरकतीची संधी इथेच असते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो: मोहल्ल्यात किंवा गावात चार घरे मिळून एक स्थानिक दैनिक लावा. नोटिशीचे पान एकाने रोज पाहावे, बाहेरगावी असलेल्यांना त्याचा फोटो पाठवावा. कात्रणावर पेपरचे नाव, तारीख आणि पान नंबर लिहून ठेवा. हरकत घेताना वकिलाला ते लागते.