आंबेडाळ

आंबेडाळ, कैरीची डाळ किंवा आंब्याची डाळ हा महाराष्ट्रात उन्हाळ्यात, विशेषतः चैत्र महिन्यात, केला जाणारा पदार्थ आहे. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी हे याचे मुख्य घटक होत. डाळ शिजवली जात नाही; फक्त फोडणी करण्यापुरता विस्तव लागतो.

हंगाम

हरभरा हे रब्बी पीक असून त्याची काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. याच सुमारास आंब्याच्या झाडाला कैऱ्या धरू लागतात. त्यामुळे दोन्ही घटक एकाच वेळी ताजे उपलब्ध होतात.

सांस्कृतिक संदर्भ

चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अनेक घरांत चैत्रगौरीची स्थापना केली जाते. या काळात सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करतात. त्या वेळी आलेल्या स्त्रियांना आंबेडाळ व कैरीचे पन्हे देण्याची आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरण्याची प्रथा आहे.

कृती

एक वाटी हरभऱ्याची डाळ चार ते पाच तास भिजवून पूर्ण निथळतात. ती पाणी न घालता भरड वाटतात. पाणी घातल्यास किंवा फार बारीक वाटल्यास डाळ चिकट होऊन तिचा मोकळेपणा जातो. तीत साल काढून किसलेली कैरी, ओले खोबरे, मीठ, थोडी साखर व चिरलेली कोथिंबीर मिसळतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि सुक्या लाल किंवा हिरव्या मिरच्यांची फोडणी करून ती गार झाल्यावर डाळीवर घालतात. प्रत्येक कैरीचा आंबटपणा वेगळा असल्याने कीस एकदम न घालता चव पाहत घालावा लागतो.

घ्यावयाची काळजी

ओली डाळ आणि ओले खोबरे उन्हाळ्यात लवकर आंबते. त्यामुळे आंबेडाळ त्याच दिवशी संपवणे इष्ट असते. मोठ्या हळदीकुंकवासाठी डाळ वाटून ठेवून कैरी, खोबरे व फोडणी आयत्या वेळी घालणे सोयीचे ठरते. वाटलेली डाळ मात्र थंड जागी ठेवावी लागते. कच्च्या हरभरा डाळीत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात व ते शिजवल्याने कमी होतात. म्हणून लहान मुले, वृद्ध व पचनशक्ती मंद असलेल्या व्यक्तींसाठी भिजवलेली डाळ वाफवून घेणे अधिक योग्य ठरते. कैरी कच्चीच वापरली जात असल्याने तिच्यातील क जीवनसत्त्व शिजवण्यात नष्ट होत नाही.

साम्य असलेले पदार्थ

गणेशोत्सवात केली जाणारी वाटली डाळ ही याहून वेगळी असून ती फोडणीत परतून शिजवतात. कर्नाटकातील कोसंबरी भिजवलेल्या डाळीचीच करतात. मात्र तीत बहुधा मुगाची डाळ अख्खी ठेवतात व काकडी किंवा कैरी घालतात.