अष्टप्रधान आणि छत्रपति: अधिकाराचा तोल

अष्टप्रधानमंडळास आजच्या विधिमंडळाचें पूर्वरूप मानणें साधार नाहीं. विधिमंडळाच्या सभासदास अधिकार मतदारांकडून मिळतो. प्रधानास तो राजाज्ञेनें मिळे व राजाज्ञेनेंच जाई. तथापि राजा व मंत्री यांमधील तोल कशानें ढळतो, हें पाहण्यास रायगडासारखें दुसरें स्थल नाहीं.

शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ (६ जून १६७४) रोजीं राज्याभिषेक झाला व पदांस संस्कृत नांवें मिळालीं. पेशवा तो मुख्य प्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव झाला. कानुजाबत्यावरून राजपत्रावर मुख्य प्रधानाचा शिक्का लागे. त्यामुळें राज्य उभयतांचें असें भासतें. परंतु प्रधानांस वेतन रोख होतें, आणि पद वंशपरंपरेचें नव्हतें.

याची कसोटी सहा वर्षांनीं लागली. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज रायगडीं निवर्तले. सचिव अण्णाजी दत्तो प्रभृतींनीं सोयराबाईंच्या पक्षानें दहा वर्षांच्या राजारामांस मंचकीं बसविलें, आणि संभाजीराजांस धरण्यासाठीं अण्णाजी व मोरोपंत पन्हाळ्याकडे निघाले. सेनापति हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे बंधु, शिवाय स्वतः अष्टप्रधानांपैकीं एक. परंतु ते संभाजीराजांस मिळाले व त्यांनीं दोघांस कैद केलें. शिक्का मंत्र्यांकडे होता, फौज नव्हती. पुढें १६८१ मध्यें सुधागडाखालीं पालीस आलेल्या शहाजादा अकबराशीं संधान बांधल्याचें उघड होऊन अण्णाजी देहांत शासनास पात्र झाले.

राजारामांच्या कारकीर्दींत मोगलांशीं झुंजणारे सरदार टिकविण्यासाठीं वतनें व सरंजाम द्यावे लागले. तेथून तोल फिरला. १७१३ मध्यें कान्होजी आंग्र्यांनीं शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस धरलें. १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, आणि त्यांनीं तह करून आंग्र्यांस शाहूंकडे वळविलें; कोंकणकिनाऱ्याचे किल्ले व सरखेलपद कान्होजींकडेच राहिलें. पेशवेपद पित्यामागून पुत्रास मिळूं लागलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारले, आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्यकारभार पुण्यास गेला. साताऱ्यास सिंहासन मात्र उरलें.

पदनामें तींच, शिक्क्याची रीतहि तीच. द्रव्य व फौज यांचा धनी तेवढा बदलला. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, सनदा व मोर्तबाचीं पत्रें जपतांना वेतनाच्या याद्या व सरंजामाचे झाडे रद्दींत टाकूं नयेत. शिक्का कोणाचा हें सनद सांगेल. सत्ता कोणाची हें त्या याद्याच सांगतील.