रेल्वे अपघाताची खबर : कोणी द्यावी, कोणाला द्यावी आणि तिच्यावर काय अवलंबून असते?

चंद्रपूर : रेल्वेमार्गावर अपघात घडला की मदतकार्य, जखमींची रुग्णालयात रवानगी आणि वाहतूक पूर्ववत करणे यांकडे सर्वांचे लक्ष लागते. त्याच वेळी नजीकच्या स्थानकात लिहिल्या जाणाऱ्या काही ओळींची दखल मात्र फारशी कोणी घेत नाही. अपघात कोणत्या किलोमीटरवर झाला, जखमी व्यक्ती प्रवासी होती की रूळ ओलांडणारी, ती गाडीतून पडली की गाडीखाली आली, एवढाच तपशील या ओळींत असतो. परंतु चौकशी कोणी करायची आणि कुटुंबाला भरपाई मिळणार की नाही, हे पुढे बहुतांशी त्यावरूनच ठरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तीन रेल्वे प्रशासनांच्या हद्दी एकमेकींना लागून असल्याने हे नियम नागरिकांना ठाऊक असणे अधिकच गरजेचे आहे.

तीन रेल्वे, दोन 'नागपूर विभाग'

वर्धेकडून वरोरा, भांदक, चंद्रपूरमार्गे बल्लारशाला येणारा दिल्ली-चेन्नई मुख्य मार्ग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडतो. बल्लारशाच्या दक्षिणेस माणिकगड, विरूरकडे जाणारा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागाकडे आहे. चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा असा गोंदियाकडे जाणारा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा असून तिच्याही विभागाचे नाव नागपूर असेच आहे. त्यामुळे केवळ 'नागपूरच्या रेल्वे कार्यालयात' अर्ज केल्यास तो भलत्याच प्रशासनाकडे जाण्याचा संभव असतो.

गडचिरोली जिल्ह्यातील रेल्वेसेवा दीर्घकाळ देसाईगंज येथील वडसा स्थानकापुरतीच मर्यादित राहिली. सुमारे ५२ किलोमीटर लांबीच्या वडसा-गडचिरोली मार्गामुळे रेल्वे जिल्हा मुख्यालयापर्यंत पोहोचणार असून त्यासोबत अपघातविषयक नियमांचा संबंधही अधिक गावांशी येणार आहे.

कलम ११३ काय सांगते?

रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम ११३ हा या विषयाचा पाया आहे. रेल्वे चालविताना जीवितहानी, जबर दुखापत अथवा मालमत्तेची विहित मर्यादेपलीकडील हानी झाल्यास अपघाताची खबर देणे बंधनकारक आहे. प्रवासी गाडीचा समावेश असलेली टक्कर आणि प्रवासी गाडी अथवा तिचा भाग रुळांवरून घसरणे, या घटनांत कोणालाही इजा झाली नसली तरी खबर द्यावीच लागते.

ही जबाबदारी घटनास्थळाच्या सर्वांत जवळच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरांवर आहे. स्टेशन मास्तर नसल्यास त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यावर ती येते. खबर विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्यावयाची असते. याखेरीज ज्या रेल्वेच्या हद्दीत अपघात झाला ती रेल्वे आणि ज्या रेल्वेची ती गाडी होती ती रेल्वे, अशा दोन्ही प्रशासनांनी राज्य शासनास व रेल्वे सुरक्षा आयुक्तांना कळविणे आवश्यक आहे. बल्लारशासारख्या ठिकाणी या तरतुदीचे महत्त्व सहज ध्यानात येते.

अशी खबर देण्याचे बंधन नवे नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यातही कलम ८३ अन्वये ते घालण्यात आले होते. सध्याची सविस्तर कार्यपद्धती १९९८ च्या नियमांनी ठरवून दिली आहे.

चौकशी कोणाची?

प्रत्येक अपघाताची चौकशी एकाच पातळीवर होत नाही. प्रवासी गाडीला अपघात होऊन मनुष्यहानी झाली, प्रवाशाला कायमचे पूर्ण वा अंशतः अपंगत्व आणणारी जबर दुखापत झाली अथवा रेल्वे मालमत्तेची गंभीर हानी झाली, तर कलम ११४ अन्वये रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. आयुक्तांना ती करणे शक्य नसल्यास रेल्वे प्रशासन आपल्या अधिकाऱ्यांमार्फत चौकशी करते.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांची यंत्रणा रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याच्या कामाची चौकशी करायची, त्याच्याच हाताखाली चौकशी अधिकारी असू नये, हा त्यामागील हेतू. या दोन जिल्ह्यांपुरते पाहिल्यास मध्य रेल्वेसाठी मुंबईचे, दक्षिण मध्य रेल्वेसाठी सिकंदराबादचे, तर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेसाठी कोलकात्याचे मंडळ आहे.

आयुक्तांपुढे सामान्य नागरिकही साक्ष देऊ शकतात. तेथे दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला वगळता, साक्षीदाराविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कारवाईत वापरता येत नाही, असे संरक्षण कलम ११७ ने दिले आहे.

बल्लारशाच्या पुलाने दाखविलेली उणीव

२७ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी बल्लारशा स्थानकावरील पादचारी पुलाचा काही भाग कोसळला. पुलावरील प्रवासी थेट रुळांवर पडले. या दुर्घटनेत एका महिलेचा मृत्यू झाला, तर दहाहून अधिक जण जखमी झाले.

जीवितहानी झाल्यामुळे अशा घटनेची खबर देणे आवश्यकच ठरते. मात्र कलम ११४ मधील चौकशी 'प्रवासी गाडीला झालेल्या अपघाता'शी जोडलेली आहे. भरपाईचे कलम १२४ हेही गाड्यांची टक्कर, गाडी घसरणे वा गाडीला झालेला अन्य अपघात यांपुरते आहे. कलम १२४-अ मध्ये 'अनुचित घटना' येतात. दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल वा गोळीबार आणि प्रवाशाचे गाडीतून अपघाताने पडणे यांचा त्यांत समावेश आहे. स्थानकावरील पूल कोसळणे यांपैकी कशातही सरळ बसत नाही. अशा पीडितांच्या वाट्याला प्रामुख्याने रेल्वेने जाहीर केलेले सानुग्रह अनुदान येते. त्यापलीकडे दिवाणी न्यायालय वा उच्च न्यायालयात दाद मागण्याचा लांबचा मार्ग उरतो. ज्याच्याकडे वैध तिकीट आहे, जो रेल्वेच्याच आवारात आहे, त्याला केवळ गाडीऐवजी पुलावरून पडल्यामुळे वेगळी वागणूक मिळावी, ही कायद्यातील मोठी उणीव आहे.

'गाडीतून' की 'गाडीखाली'?

रुळांवर मृतदेह आढळल्यास स्टेशन मास्तर पोलिसांना मेमो देतात. त्यावरून मर्ग दाखल होतो, पंचनामा व शवविच्छेदन केले जाते. याच कागदांत 'गाडीतून पडून मृत्यू' आणि 'गाडीखाली येऊन मृत्यू' या नोंदींचे अर्थ अगदी वेगळे होतात. पहिल्या प्रकारात कलम १२४-अ लागू होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात मृत व्यक्ती रूळ ओलांडणारी होती असे ठरल्यास या कलमाखाली भरपाई मिळत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य वा नैसर्गिक आजार यांमुळे झालेला मृत्यूही कलमातून वगळला आहे.

रेल्वेचा दोष होता की नव्हता, हा प्रश्न मात्र येथे गैरलागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ रोजी रीना देवी प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चढताना वा उतरताना पडणे हीदेखील अनुचित घटना असून प्रवाशाच्या निष्काळजीपणाचे कारण देऊन भरपाई नाकारता येणार नाही. तसेच मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही. कुटुंबाने संबंधित वस्तुस्थितीचे प्रतिज्ञापत्र दिल्यास ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते.

मृत्यूबद्दलची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रुपये करण्यात आली. जखमींसाठी दुखापतीच्या स्वरूपानुसार रकमा ठरवून दिल्या आहेत. सानुग्रह अनुदान ही वेगळी, तातडीची मदत आहे. सप्टेंबर २०२३ मधील सुधारणेनुसार रेल्वे अपघातातील मृत्यूसाठी ५ लाख, जबर दुखापतीसाठी अडीच लाख व किरकोळ दुखापतीसाठी ५० हजार रुपये देण्याचे ठरले. अनुचित घटनांसाठी हेच आकडे अनुक्रमे दीड लाख, ५० हजार व ५ हजार आहेत.

वाघांच्या मृत्यूची खबर

चांदा फोर्ट-गोंदिया मार्ग दाट जंगलातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरनजीक जुनोना परिसरात या मार्गावर रेल्वेच्या धडकेने वाघाचे तीन बछडे दगावले. कलम ११३ मनुष्याचे जीवित आणि मालमत्ता यांविषयीच बोलते. वन्यप्राण्याच्या मृत्यूचा त्यात उल्लेख नाही. तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. मृत वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असते. त्यामुळे अवशेष हलविणे वा जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते. गाडीचालकाने पुढील स्थानकाला आणि स्थानकाने वनविभागाला वेळेत कळविले, तरच जखमी प्राण्याला वाचविण्याची संधी मिळते.

नागरिकांनी काय करावे?

* अपघात दिसताच रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर अथवा नजीकच्या स्थानकात कळवावे. रुळांशेजारील खांबावरील किलोमीटर क्रमांक सांगितल्यास ठिकाण व हद्द दोन्ही निश्चित होतात.
* तिकीट, त्याचे छायाचित्र वा मोबाइलवरील संदेश जपून ठेवावा. तिकीट काढताना सोबत असलेल्या व्यक्तीची साक्षही उपयोगी पडते.
* स्टेशन मास्तरांचा मेमो, मर्गाची नोंद, पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मिळवाव्यात. नोंद चुकीची वाटल्यास तत्काळ लेखी हरकत घ्यावी.
* रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. सबळ कारण असल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते.
* वकील देणे सक्तीचे नाही. अर्जदाराला स्वतः बाजू मांडता येते.
* सानुग्रह अनुदान मिळाले म्हणून भरपाईचा दावा संपला, असे समजू नये.